काकांचा निळा, बाबांचा लाल

आत्या गेल्याचं मला थोरल्या काकांनी सांगितलं. म्हणजे तसा फोन नाही केला, मिस्ड कॉल दिला. काका कुणालाच पूर्ण फोन लावत नाहीत, एक रिंग देऊन ठेवून देतात. मी गारखेड्यात एका डीटीपीच्या दुकानात टायपिंग करते. त्या दुपारी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचं मॅटर चालू होतं, निमंत्रकांची नावं संपता संपत नव्हती, अन मोबाईल एकदा वाजून गप झाला. मी परत लावला तर पलीकडून आधी नुसता वारा ऐकू आला... शेतात उभे असणार. मग काका म्हणाले, "बाई, आक्का गेली." जेवून जरा पडली होती, काकू चहाला उठवायला गेली तर उठलीच नाही. हे त्यांनी एका दमात सांगितलं अन त्याच दमात पुढं म्हणाले, "तुझ्या बापाला तू सांग."

आक्का म्हणजे माझी आत्या, कौसल्याबाई. काका अन बाबा दोघांची मोठी बहीण. आता सख्ख्या भावानं सख्ख्या भावाला बहीण गेल्याचं पुतणीकडून का कळवावं, हे सांगायचं तर मला एका दगडाचं सांगावं लागेल. महिना होऊन गेला, मी आत्याबद्दल लिहायला बसते अन दर वेळी तो दगडच आधी पुढं येतो. पण थांबा, आधी आत्या सांगते.

गावी काकांकडं ती शेवटचे थोडे दिवसच होती, एरवी शहरात आमच्या मागच्याच गल्लीत दोन खोल्यांत एकटी राहायची. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं, ब्लाउज उसवून ढिले करून देणं असली कामं. तोंड लई चालायचं तिचं. एकदा एक बाई दिवाळीच्या आधी ब्लाउज घेऊन आल्या, म्हणे तुमच्याकडूनच शिवलेला, बघा ना कसा आटला. आत्यानं ब्लाउज पाहिला, मग बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं अन म्हणाली, "ब्लाउज हाय तेवढाच हाय. तुमची तब्येत सुधारली." त्या बाई हसत हसत तिथंच बसल्या अन चहा घेऊन गेल्या. असं कुणालाही बोलायची ती, अन कुणाला रागच यायचा नाही. लग्न का नाही केलं विचारलं की म्हणायची, दोन लेकरं मला आधीच झाली होती, मग नवरा कशाला. ती दोन लेकरं म्हणजे काका अन बाबा. आजी वारली तेव्हा आत्या परकरातली पोरगी होती, काका नुकतेच शाळेत जायला लागलेले अन बाबा अजून रांगत होते. दोघांना तिनंच वाढवलं. बाबांना औरंगाबादला (ती शेवटपर्यंत औरंगाबादच म्हणायची) नोकरी लागली तेव्हा याला भाकर कोण घालील म्हणून तीही मागं आली. मग माझी आई लग्न होऊन घरात आली अन महिन्याभरात आत्यानं स्वतःची वेगळी खोली घेतली. सुनेला सासू नको असती अन मला सून, असं सगळ्यांना सांगून. आई अजून सांगते की तिला सासुरवास कसा असतो ते माहीतच नाही, कारण सासू गल्ली ओलांडून फक्त कालवण मागायला यायची.

आता दगड. आमच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, माती देतात, अन तीही आपल्याच शेतात. वर एक दगड उभा करायचा. देवगाव रंगारीला आमच्या शेतात आजीचा असा दगड आहे, पण तो कुणाकडून घडवून आणलेला नाही. तो तिचा पाटा आहे... मसाला वाटायचा पाटा, काळ्या दगडाचा. आजीचं लग्न पोलिस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन सगळं जरा निवल्यावर झालं, तेव्हा तिच्या वडलांनी बाकी फार काही दिलं नाही, पण हा पाटा बैलगाडीत घालून पाठवला होता. ती गेली तेव्हा आजोबा म्हणाले, नदीतून एखादा लांबट धोंडा बघून आणू. आत्यानं ऐकलं नाही. पाटाच लावायचा म्हणून अडून बसली. भावकीतल्या बायका म्हणाल्या, पोरी, घरातला पाटा असा देतं का कुणी, उद्या वाटशील कशावर? ती म्हणाली, शेजारच्यांच्या पाट्यावर वाटीन. अन खरंच पुढं कित्येक दिवस ती मिरच्या-लसूण पदरात बांधून शेजारी जायची अन वाटून आणायची. कारण काय, तर वरवंटा फिरून फिरून त्या पाट्याला मधोमध खळगा पडला होता. आजीच्या हातानं पडलेला. त्याच्यावर आपण वाटायला लागलो तर तो हळूहळू आईचा राहणार नाही, आपला होऊन जाईल, असं तिच्या त्या एवढ्याशा डोक्यात आलं होतं. वरवंटा मात्र आजोबांनी ठेवून घेतला, बारशाला लागतो म्हणून.

आधी कितीतरी वर्षं दर दिवाळीला आत्याच त्या दगडाला चुना लावायची. शहरात आल्यावरही दिवाळीला जाऊन लावून यायची. मग काका अन बाबांची वाटणी झाली. जमिनीवरून भांडण नव्हतंच, दोघांना सारखी आली होती. भांडण झालं ते बांध आजीच्या दगडाच्या अलीकडून घालायचा का पलीकडून, यावरून. दोघांनाही आई आपल्या बाजूला पाहिजे होती. शेवटी मोजणीवाल्यानं वैतागून बांध बरोबर दगडातूनच नेला, अन तेव्हापासून दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. काका पोळ्याला बैलांच्या शिंगांना आस्मानी निळा ऑइलपेंट लावतात, त्यातला उरलेला ते दगडाला लावायला लागले. बाबा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांचं करायला गावाकडं जातात, ते सोबत लाल ऑक्साईडचा डबा न्यायला लागले, खिडक्यांच्या ग्रीलला मारतात तो. त्यामुळं पोळ्यापासून आखाजीपर्यंत आजी निळी अन आखाजीपासून पोळ्यापर्यंत लाल. लहानपणी मला वाटायचं की दगडालाही ऋतू असतात.

दोघंही अगदी मनापासून लावायचे बरं का. हे मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून सांगते. काका पायातलं काढून, डोक्याला रुमाल बांधून, खाली गोणपाट अंथरून बसायचे. बाबा कधी घराचा दरवाजा रंगवायचे नाहीत, पण आखाजीच्या आठ दिवस आधी ब्रश रॉकेलमध्ये भिजवून ठेवायचे. फक्त एकाचा रंग दुसऱ्याच्या रंगावर बसत होता अन खाली पाट्याचा खळगा भरत चालला होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या वर्षी पोळा नुकताच होऊन गेला होता. मी दुकानातून येता येता आत्याकडं डोकावले. ती पिवळ्या साडीला फॉल लावत बसलेली. मी म्हणाले, आत्या, साडीला हे लाल काय लागलंय? तिनं पाहिलं तर सुई तिच्या बोटात रुतून बसलेली होती अन तिला पत्ताच नाही. सुई उपसली, साडी मिठाच्या पाण्यात टाकली, गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते पण ठरवून टाकलं, बोटाकडं सगळ्यात शेवटी पाहिलं. शुगर तिला होतीच. डॉक्टर म्हणाले, नसांवर गेली आहे, आता बोटांना कळणं हळूहळू कमी होत जाईल, गोळ्या घेऊन थोडं लांबवता येईल, पण परत येणार नाही. घरी आल्यावर आत्यानं मशीनवर कापड झाकलं. चहा झाला, माझं दुकानातलं सगळं सांगून झालं, तिचं लक्ष नव्हतं. मग एकदम म्हणाली,

"पल्ले, बोटं पुरी जायच्या आत मला एकदा आईच्या पाट्याला हात लावायचाय. रंगाला नाय. पाट्याला."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तिला ते किती खुपत होतं. ती दर वर्षी जाऊन दगडावरून हात फिरवायची अन हाताला लागायचं काय, तर स्टीलच्या ताटासारखं सपाट, गुळगुळीत ऑइलपेंट. खळगा नाहीच. आपल्याला आईचा चेहराही नीट आठवत नाही, म्हणाली, पण तिच्या मांडीला टेकून बसलं की तो पाटा हलायचा अन पाठीला घुर्र घुर्र लागायचं, ते आठवतं.

मी लगेच पुढं सरसावले. म्हणाले, आत्या, हे तर रविवारी होऊन जाईल, माझ्या मैत्रिणीच्या भावाचं टाइल्सचं दुकान आहे, तो ग्राइंडर घेऊन येईल, दहा मिनिटांत सगळं साफ. ती हातातली कात्री घेऊनच माझ्या अंगावर आली. मशीन आईचा हात खाऊन टाकील, म्हणाली. तिनं जुनी शिलाई मशीन घेतली होती तेव्हा तिच्या लाकडी टेबलाचा रंग तिनं धुण्याचा सोडा अन चुन्याच्या लेपानं काढला होता, तसंच करायचं. लेप थापायचा, वरून ओलं गोणपाट गुंडाळायचं, रंग फुगून आला की बांबूच्या कामटीनं खरवडायचं. लोखंड लावायचं नाही. पाट्याला टाकीनं, म्हणजे छिन्नीनं, जे टिचके मारलेले असतात, ते लोखंडानं जातात. अन भावांना विचारल्याबिगर एक टवका काढायचा नाही.

मी दोघांना त्याच दिवशी विचारलं. दोघंही लगेच तयार झाले, आक्काचा शब्द म्हणल्यावर प्रश्नच नव्हता. अन दोघांनी, एकमेकांना न विचारता, एकच अट घातली. काका म्हणाले, "माझा रंग मी काढीन. त्याच्या रंगाला मी हात लावणार नाय, उद्या म्हणल, माझी सेवा पुसली." बाबांना विचारलं तर त्यांचं उत्तर जवळजवळ हेच. म्हणजे वरचा निळा काकांनी काढायचा. खाली लाल लागला की थांबायचं. मग बाबांनी जाऊन लाल काढायचा. खाली निळा लागला की त्यांनी थांबायचं. मी हे आत्याला सांगितलं तर ती इतकी हसली की डोळे पुसत बसली. म्हणाली, लहानपणी दोघं एकाच ताटात जेवायचे, मधी भाकरीचा बांध घालून, अन एकाची आमटी बांध फोडून दुसऱ्याकडं गेली की ताटावरून उठायचे. काय बदललं नाय.

तर असं सुरू झालं. काकांचा मिस्ड कॉल यायचा, मी लावायचे, ते म्हणायचे, "लाल लागला." मी बाबांना सांगायचे, काकांचं झालंय, तुमचा लाल आलाय. बाबांना कंपनीतून सुट्टी मिळेल त्या रविवारी ते एसटीनं जायचे, खरवडायचे, संध्याकाळी परत येऊन मला म्हणायचे, निळा लागला म्हणून कळव. थर किती होते कोण जाणे. एका जागी कोपरा फुटला होता तिथं बाजूनं बघितलं तर निळी-लाल, निळी-लाल अशी बारीक बारीक रेघ दिसायची, सतरंजीच्या काठासारखी. काकांचा कापूस वेचणीला आला की ते थांबायचे, बाबांची ड्यूटी बदलली की हे थांबायचे. थंडी गेली. होळी गेली. आखाजीला बाबा पहिल्यांदाच डबा न घेता गावाला गेले, अन दिवसभर काय करावं ते न कळून लवकर परत आले.

एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. उन्हाळ्यात एकदा काकांचा लेप जरा जास्त वेळ राहिला, अन त्यांच्या निळ्याबरोबर खालच्या लालाचा पण एक टवका निघून आला, तळहाताएवढा. काका घाबरले. आता हा म्हणणार, माझा रंग ह्यानं काढला. तर काकांनी काय केलं असेल? देवगावच्या बाजारातून लाल ऑक्साईडची लहान डबी आणली अन तेवढ्या जागेला परत लाल रंग लावून ठेवला. म्हणजे जो रंग काढायसाठी हा सगळा खटाटोप, तोच रंग काकांनी स्वतःच्या हातानं दगडाला लावला, भाऊ यायच्या आत. बाबा रविवारी गेले तर त्यांना टर्पेंटाइनचा वास आला. बोट लावलं तर बोटाला लाल लागलं, अजून पूर्ण वाळलंही नव्हतं. घरी आल्यावर बाबांनी मला ते बोट दाखवलं. मला वाटलं आता चिडणार. ते म्हणाले, "येडं हाय ते," अन हात धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आत्याला हे सांगितल्यावर ती हसेल असं वाटलं होतं, पण ती हसली नाही. तोवर तिची बोटं बरीच गेली होती. गरम चहाचा स्टीलचा पेला ती फडक्याशिवाय धरायची अन मला बघूनच चटका बसायचा. सुईत दोरा मी ओवून द्यायचे, मग तेही बंद झालं, कारण टाके वाकडे पडायला लागले अन तिला ते हाताला कळत नव्हतं. गिऱ्हाइकं दुसऱ्यांकडं जायला लागली. मी म्हणाले, आत्या, तू एक शब्द टाक, दोघं मुकाट्यानं एका दिवसात सगळं खरवडून टाकतील, हे काय लावलंय. ती म्हणाली, "राहू दे. रंग निघतोय तवर दोघं येतेत तरी."

मी हे वाक्य तेव्हा ऐकलं अन पुढच्या गप्पांना लागले. आता टाइप करताना परत परत वाचते. तिला कळत होतं की आपल्याकडं किती दिवस उरलेत बोटांचे. तरी ती थांबली होती. दोन भाऊ एकाच दगडाशी येऊन बसतात, वेगवेगळ्या रविवारी का होईना, एक जण दुसऱ्याचा रंग जपून ठेवतो, एवढ्यासाठी ती आपली बोटं खर्च करत होती.

पोळा परत आला. काकांनी शिंगं रंगवली अन उरलेला रंग डब्यातच ठेवला. त्यानंतर काही दिवसांनी त्यांचा मिस्ड कॉल आला. मी लावला तर म्हणाले, "बाई, पांढरं लागलं." बाबा जाऊन बघून आले, म्हणाले, हा माझा नाही. काका म्हणाले, माझा पण नाय. वाटणीच्या आधीचा चुना होता तो, आत्यानं लावलेला, वर्षानुवर्षांचा. आता तो कुणी काढायचा? दोघंही थांबले. काम एकदम बंदच पडलं. मी आत्याला सांगितलं तर ती उठून उभी राहिली. चुना माझा हाय, म्हणाली, मीच काढते. अन दोघांनाही बोलावलं, एकाच दिवशी. तुम्ही नाय आले तर मी एकटी करीन, एवढंच कळवायला सांगितलं.

दसऱ्यानंतर आम्ही गेलो. आत्यानं रात्रीच चिंच भिजत घातली होती, चुन्याला चिंचेचं पाणी लागतं म्हणून, एक मोठा डबा भरून ती एसटीत मांडीवर घेऊन बसली. शेतात कापूस फुटलेला. दगडापुढं गोणपाट टाकून ती बसली. काका बांधाच्या त्यांच्या बाजूला उभे, बाबा आपल्या बाजूला, अन मधे पांढरा, खडबडीत, जुन्या भिंतीसारखा दगड. ती चिंच थापायची अन नारळाच्या काथ्यानं घासायची. चुना लापशीसारखा होऊन ओघळायला लागला, मधून मधून काळा पाटा दिसायला लागला. आम्ही करतो म्हणलं की ती हात झटकायची. खळगा उघडा पडायला लागला तसा तिनं काथ्या टाकून दिला अन नुसत्या बोटांनी घासायला लागली, घाईघाईनं, लहान पोर मातीत उकरतं तसं. त्या पांढऱ्या लापशीत लाल दिसलं. बाबा पुढं वाकले अन स्वतःशीच म्हणाले, अजून माझा राहिलाय वाटतं थोडा.

काका बांध ओलांडून आले. म्हणाले, "तुझा नाय तो. आक्काचं बोट सोललंय. पाणी आण."

इतक्या वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं बोलणं हे. बाबा पळत विहिरीकडं गेले. कळशी आणली, एकानं तिचे हात धरले अन दुसऱ्यानं पाणी ओतलं. बोटांची टोकं पार सोलवटली होती. चिंचेचं पाणी त्याच्यावर, दुसरा कुणी किंचाळला असता. आत्या आपल्याच हातांकडं दुसऱ्या कुणाचे असावेत तसं बघत होती. मग तिनं दगडावर पाणी ओतायला लावलं. पाटा सगळा उघडा झाला, काळा, ओला. तिनं दोन्ही तळवे खळग्यात ठेवले अन डोळे मिटले. बाबा दुसरीकडंच बघत होते.

"पल्ले," ती डोळे न उघडता म्हणाली, "कायच लागत नाय गं."

मग तिनं हात काढून घेतले अन सरकून मला जागा दिली. "तू ठेव हात. अन सांग मला."

मी हात ठेवला. मी दिवसभर बडबड करणारी, लोकांच्या पत्रिका, अर्ज, भाषणं सगळं झरझर टाइप करणारी. मी म्हणाले, गुळगुळीत आहे आत्या. ती म्हणाली, "अन?" मी म्हणाले, अन... गार आहे. ती "हां" म्हणाली. अजून थोडा वेळ वाट बघितली तिनं. मला रडू यायला लागलं होतं अन त्याच्यापुढं काही सुचेना. मग तीच मला म्हणाली, चल, ऊन झालं, भाऊ भुकेले असतील.

ती परत आली नाही आमच्यासोबत. काका म्हणाले, आक्का, राहा चार दिवस, अन ती राहिली. काकू सांगते, सकाळी उन्हाला रोज शेतात जाऊन त्या दगडाला पाठ लावून बसायची. हाताला कळत नव्हतं, पाठीला कळत असेल. मला हे ती गेल्यावर कळलं. तिला तिच्या आईच्या शेजारीच माती दिली, बांधावर. त्या दिवशी काका अन बाबा दोघांनी मिळून खड्ड्यात उतरून तिला ठेवलं. आता ते बोलतात, कामापुरतं, बियाणं आणि मोटारीबद्दल. अधूनमधून बाबा जेवताना मधेच थांबतात अन म्हणतात, एका आठवड्याचं काम होतं ते. आई म्हणते, जेवा. ते जेवतात. मग परत म्हणतात, मागच्या दिवाळीत तिच्या बोटांना अजून कळत होतं ना गं? काका फोनवर मला एकदाच म्हणाले की तो लाल परत लावायला नको होता, तो वाळून परत निघेपर्यंत चार रविवार गेले. अन लगेच फोन ठेवला.

मागच्या रविवारी मी एकटीच गावाला गेले होते. आत्याच्या मातीवर अजून दगड नाही, दोघं मिळून बघू म्हणतात. मी पाट्यापुढं बसले अन हात ठेवला, या वेळी सावकाश. तेव्हा जे सांगता आलं नाही ते आता सांगते. उशीर झालाय, तरी ऐक आत्या.

काठाला तो खडबडीत आहे. वरवंटा जिथं पोचत नसेल तिथं टाकीचे टिचके अजून आहेत, अंगावर काटा आल्यासारखे. तिथून बोट आत सरकवलं की ते टिचके विरळ होत जातात, मग बोथट होतात, अन मग कळत पण नाही कुठं संपले. खळगा खोल नाहीये फार. तळहात ठेवला तर मनगटाजवळचा भाग बरोबर बसतो अन बोटं वर चढतात, उतारावर. मधोमध तो तुझ्या जुन्या लुगड्यासारखा मऊ लागतो, दगड असून. चुना आधीच उडाला असेल तिथं दोन-तीन टिचक्यांमध्ये निळा राहिलाय, एका जागी लाल आहे, तो निघाला नाही अन मी काढला पण नाही. गार नव्हता आत्या, मी चुकीचं सांगितलं, तेव्हा पाणी टाकलं होतं ना म्हणून. दुपारी तो कोमट असतो. अन एक गोष्ट मला आत्ताच कळली. खळगा सारखा नाहीये. डावीकडं जास्त खोल आहे, चांगला कळतो हाताला. मी काकांना फोन लावून विचारलं, आजी मसाला वाटायची कशी, ते म्हणाले, मी बारका होतो, कोण ध्यान देतं. बाबा तर रांगत होते. वाटताना तिचा जोर डाव्या हातावर असणार.

तुझी आई डावरी होती का गं, आत्या?